उवा सर आणि पाटीतला राहिलेला य

दाभेकर सरांची आणि माझी ओळख माझ्या डब्यावरून झाली. महाडच्या शाळेत मी मराठी शिकवायला नुकतीच रुजू झाले होते. मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीत डबा उघडला, भाकरीचा पहिला तुकडा मोडला, तेवढ्यात समोरून आवाज आला, "बाई, डबा जरा तिकडे सरकवता का? उवा मोजतोय."

समोर पांढऱ्या कागदावर एक मेलेला बुलबुल उताणा पडला होता आणि विज्ञानाचे दाभेकर सर दाढीच्या ब्रशने त्याची पिसं विंचरत होते. हातात रबरी मोजे, तोंडाला फडकं. करोना यायला अजून अवकाश होता, त्यामुळे तोंड बांधून बसलेल्या माणसाला वेडा समजायची तेव्हा मुभा होती. मी डबा बंद केला आणि व्हरांड्यात गेले. शाळेच्या शिपायाने बाहेर येऊन माझी समजूत घातली, "सवय होईल बाई. आधीच्या बाईंनी बदली मागितलेली." मला सवय झाली. पुढे तर मी एका हाताने भाकरी खात दुसऱ्या हाताने त्यांचा कागद वाऱ्यापासून धरून ठेवायला लागले.

मुलं त्यांना उवा सर म्हणत. दुसरा एखादा चिडला असता. सरांनी ते नाव पदवी मिळाल्यासारखं स्वीकारलं. फोन आला की स्वतःच सांगायचे, "हां, उवा सरच बोलतोय." पाखरांच्या अंगावरच्या उवा, गोचिड्या, पोटातले जंत, पायावरच्या देवी रोगाच्या गाठी, यांत त्यांचा जीव होता. प्रत्येक जातीच्या पाखराची ऊ वेगळी, हा त्यांचा आवडता धडा. "कावळ्याची ऊ कावळ्यावर जन्मते आणि कावळ्यावरच मरते. तिला उचलून बगळ्यावर सोडा, उपाशी मरेल पण तिथे संसार थाटणार नाही," असं ते डोळ्यांत पाणी आणून सांगत. एवढ्या मायेने ते कधी विद्यार्थ्यांबद्दल बोलल्याचं मला आठवत नाही.

सर फार बोलायचे. मेलेला पक्षी त्यांना आवडायचा त्याचं एक कारण मला वाटतं हेही असावं की तो उठून जात नसे. रस्त्यात भेटले तर तब्येत कशी आहे हे विचारत नसत, तुमच्या आळीतले कावळे कसे आहेत ते विचारत. हात धुण्याचं वेड होतं. त्यांच्या घरी चहाला गेलं की आधी मोरीकडे बोट, कोपरापर्यंत साबण, मग कप. लग्नपत्रिका आली की पत्रिका वहिनींकडे आणि पाकीट सरांकडे जायचं. कुणाच्या तरी शुभविवाहाच्या, हळदीकुंकवाची बोटं उमटलेल्या पाकिटात घुबडाच्या उवा निवांत पडलेल्या असत. वहिनी सोशिक होत्या, पण मुक्या नव्हत्या. "आमच्याकडे फ्रीज उघडायच्या आधी दार वाजवावं लागतं," असं त्या पाहुण्यांना सांगत.

एकदा चवदार तळ्याकाठी सरांना मेलेला बगळा सापडला. तो पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवायचा होता. सरांनी मासळीबाजारातून थर्माकोलचा खोका आणला, बर्फ भरला, चिकटपट्टी लावली आणि पुण्याला जाणाऱ्या ओळखीच्या टेम्पोत ठेवला. त्याच टेम्पोत तसलाच एक खोका होता, कुणीतरी पुण्याच्या जावयाला पाठवलेल्या पापलेटांचा. प्रयोगशाळेतून सरांना पत्र आलं. 'पाठविलेला नमुना पक्षी नसल्याचे आढळले. नमुना उत्तम स्थितीत होता.' सरांना त्या 'होता'चा संशय आला. इकडे जावयाने खोका उघडला तेव्हा आतून बगळ्याची मान बाहेर आली, आणि सासऱ्याने मनातलं अखेर बोलून दाखवलं असा त्याने अर्थ घेतला. त्या दोन घरांत पुढे बरेच दिवस बोलणं नव्हतं. सरांना मात्र एकच दुःख, बगळा कशाने गेला ते कळलं नाही.

हे दुःख खरं होतं. ते गमतीत घेणाऱ्यांत मीही होते, म्हणून सांगते. सर म्हणायचे, "माणूस मेला तर पेपरात फोटो येतो. म्हैस मेली तर पंचनामा होतो. पाखरू मेलं की झाडूने लोटून देतात. त्याच्याबरोबर वरून काय खाली आलं ते कुणालाच कळत नाही, आणि कळतं तेव्हा ते कोंबड्यांपर्यंत, माणसांपर्यंत पोचलेलं असतं. पाखरू मेलं तर कुणीतरी सांगायला पाहिजे, बाई." हे शेवटचं वाक्य ते इतक्यांदा म्हणत की मुलं त्यांच्या पाठीमागे त्याची नक्कल करत. कुणी सांगत मात्र नसे. वाडीवस्तीवरचे लोक सरकारी माणसाला कोंबडी मेल्याचं सांगत नाहीत, कारण मग उरलेल्याही जातात हे त्यांना ठाऊक असतं. आणि कचेरीत सांगायला जावं तर तिथली तऱ्हा निराळी. एका साहेबांनी सरांना विचारलं होतं, "कावळा मेला तेव्हा कुठल्या हद्दीत होता?" सर म्हणाले, "हवेत." साहेबांनी ते लिहून घेतलं.

निवृत्त झाल्यावर सरांनी घराच्या कुंपणाच्या भिंतीवर, अगदी हमरस्त्याकडे तोंड करून, एक पाटी रंगवून घेतली. दिवस निवडणुकीचे होते. पेंटर सगळ्या पक्षांच्या भिंती रंगवत हिंडत होता. त्याला सरांनी घाईघाईत मजकूर सांगितला आणि त्याच्या हाताला जे वळण पडलं होतं तेच पाटीवर उतरलं. पिवळ्या जमिनीवर ठसठशीत लाल अक्षरं:

'आजारी व मेलेल्या पक्षांची माहिती येथे द्यावी. गुप्तता पाळली जाईल.'

खाली सरांचा मोबाइल नंबर. मी रस्त्याने जाताना वाचलं आणि तिथल्या तिथे थांबले. आयुष्यभर मुलांच्या वह्यांत ज्या चुकीला लाल गोल केला ती समोर भिंतीएवढी होऊन उभी होती. आत जाऊन म्हटलं, "सर, य राहिला. पक्ष्यांची पाहिजे."

"अर्थ कळतो ना?"

"कळतो, हाच तर घोळ आहे."

सर म्हणाले, पेंटर आता निकाल लागेपर्यंत सापडायचा नाही. दुसऱ्या दिवशी पाटीसमोर पहिली गाडी थांबली. एका पक्षाचे तालुक्याचे पुढारी होते. काच खाली करून म्हणाले, "सर, हे आमच्याबद्दल लिहिलंय का?"

"तुम्हांला काही लक्षणं दिसतायत का?" सरांनी मनापासून विचारलं.

तासाभराने समोरच्या पक्षाचे पुढारी आले. त्यांनी शांतपणे चौकशी केली आणि पाटी त्यांच्याबद्दल असेल तर राहू द्या, अक्षर छान आहे, असं सांगून गेले. मग फोन सुरू झाले. कुणी म्हणे, आमच्या पक्षाला धाप लागलीय. कुणी म्हणे, आमचा उभा फुटलाय, जोडून मिळेल का? एकाने तर आवाज खाली आणून सांगितलं, "आमचा मेलेला हाय सर, पण लोकांना अजून सांगितलं नाय." गुप्तता पाळली जाईल या शब्दांवर लोकांचा फार विश्वास बसला होता. सर आधी समजावून सांगत. मग चिडायला लागले. "उवेला जेवढी निष्ठा असते तेवढी तुमच्यात आणा, मग फोन करा," म्हणून फोन आपटत. त्यांच्या चिडण्याचीही ख्याती झाली आणि फोन आणखी वाढले. पाटीचा फोटो गावोगावच्या ग्रुपवर फिरला, मुंबईला गेला, मुंबईहून हसणारी तोंडं लावून परत आला. तालुक्यातल्या विज्ञानाच्या कुठल्याच उपक्रमाला इतका प्रतिसाद मिळाला नसेल.

संक्रांतीला मी वहिनींकडे हळदीकुंकवाला गेले होते. सर झोपाळ्यावर तिळगुळाचा लाडू घेऊन बसले होते. फोन वाजला. त्यांना कमी ऐकू यायला लागलं होतं, म्हणून फोनचा आवाज नेहमी मोठा असायचा, अख्ख्या घराला ऐकू जाई.

"सर, आमच्याकडं कावळे मरतात," एक बाईमाणूस बोलत होतं.

"कोणत्या पक्षाचे?" सर कंटाळून म्हणाले.

पलीकडून ती बाई म्हणाली, "कावळ्यांना कसला पक्ष, सर? आंब्याखाली पडल्यात. कालधरनं माझ्या कोंबड्या बी माना टाकतात. पोरानं मुंबईवरनं तुमच्या पाटीचा फोटू पाठवला, त्याच्यावरचा नंबर लावून घेतला."

सरांनी लाडू ताटात परत ठेवला. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही, कारण त्या वेळी कुणी पाहिलेलं त्यांना आवडलं नसतं. जन्मभर ज्या एका फोनची वाट पाहिली तो आला आणि त्यांच्या तोंडून असला प्रश्न गेला होता. "हात लावू नका," ते म्हणाले. आवाज अगदी बदलला होता. "मेलेल्या पाखराला हात लावू नका. वर टोपली उपडी घाला, कुत्री ओढायला नकोत. कोंबड्या कोंडून ठेवा. मी येतो." मग त्यांनी गुरांच्या सरकारी डॉक्टरांना फोन केला आणि चपला शोधायला लागले.

वहिनी मला म्हणाल्या, "तुम्ही जा यांच्याबरोबर. कुणीतरी धड बोलणारं पाहिजे." मिनीडोर रिक्षाने आम्ही पोलादपूरच्या पुढे गेलो, आणि जिथे रस्ता संपला तिथून टेपवाडीला पायी चढलो. फोन करणारी भागाबाई वाटेवरच उभी होती. मुलगा मुंबईत, सून त्याच्याबरोबर, घरात ती आणि तिच्या कोंबड्या. अंगणातल्या आंब्याखाली टोपल्या उपड्या घातलेल्या होत्या. घरातल्या टोपल्या पुरल्या नाहीत म्हणून एका कावळ्यावर भाताचं पातेलं होतं. पडवीत खुंटाला एक तांबडा कोंबडा बांधलेला होता. तो भागाबाईने सांभाळलेला पण सगळ्या वाडीचा, शिमग्याला गावच्या राखणदार देवाला द्यायचा.

आमच्या आधी तिथे राजकारण पोचलं होतं. एका उमेदवाराचा माणूस कार्यकर्त्यांच्या जेवणासाठी कोंबड्या न्यायला आला होता. तो म्हणाला, "रोगबिग काय नाय, थंडीनं झालंय." त्याचं ऐकून विरुद्ध उमेदवाराचा माणूस धावत आलेला. तो म्हणाला, "बर्ड फ्लू हाय. आत्ताच्या आत्ता सगळ्या पुरा." सरांनी अजून पिशवीही उघडली नव्हती आणि दोन निदानं झाली होती. अर्धी वाडी एका निदानाच्या बाजूने होती, अर्धी दुसऱ्याच्या. मतदान घेतलं असतं तर कावळा कशाने मेला ते बहुमताने ठरलं असतं.

"ऐका," सर म्हणाले. "निकाल येईपर्यंत कापायची नाही, विकायची नाही, पुरायची नाही."

"निकाल तर सोमवारी हाय," जेवणवाला म्हणाला. दोन्ही बाजूचे हसले. सर हसले नाहीत.

भागाबाई हसण्यात नव्हती. तिने सरांना बाजूला घेऊन विचारलं, "सर, माझ्या कोंबड्या नेतील काय?"

मला वाटलं, सर आता तासभर बोलतील. ते म्हणाले, "रोग निघाला तर सगळ्या नेतील. तुझ्या, शेजारच्या, वाडीतल्या सगळ्या. नाही निघाला तर एकही नाही."

"मी फोन नसता केला तर?"

"तर रोग खालच्या गावांत उतरला असता. माणसालाही लागू शकतो तो. तेव्हा सगळ्यांना कळलं असतं, पण उशीर झाला असता."

"नायच निघणार," ती म्हणाली. सरांनी मान हलवली, ती होकाराची होती की नाही ते मला कळलं नाही. डॉक्टरांची माणसं आली, त्यांनी नमुने घेतले. नमुने पुण्याला गेले, तिथून भोपाळला गेले. त्या दिवसांत सरांना रस्त्यात कुणीही विचारायचं, "काय सर, निकाल काय लागणार?" आणि सर म्हणायचे, "देवाला ठाऊक." लोकांना वाटायचं, सर कुंपणावर आहेत.

रोग निघाला.

पांढऱ्या कपड्यांतली माणसं टेपवाडीला चढली. सर त्यांच्याबरोबर गेले, मीही गेले. कोंबड्या पोत्यांत भरल्या, खड्डा खणला, चुना टाकला. बायका दारात उभ्या राहून आपापली कोंबडी ओळखत होत्या. वाद झाला तो तांबड्या कोंबड्यावर. वाडीतला एक म्हातारा म्हणाला, "बाकी सगळ्या न्या, ह्याला हात लावू नका. हा आमचा नाय, राखणदाराचा हाय." त्या पथकाच्या साहेबांनी सांगितलं, यात देवाला सूट नाही. मग ते म्हणाले, ज्याचा असेल त्याने दोरी सोडून आमच्या ताब्यात द्यावा. वाडीतला कुणी दोरीला हात लावेना. भागाबाई पडवीत पाठ करून बसली होती. शेवटी सर पुढे झाले, मोजे घातले, वाकले आणि त्यांनी ती गाठ सोडली. सुटायला वेळ लागला. मी मागे फिरले आणि रडले.

पुढचं सगळं रीतीप्रमाणे झालं. ज्याने थंडी सांगितली होती त्याच्या उमेदवाराने पत्रकात म्हटलं की धोका सर्वांत आधी आम्हीच ओळखला. त्याच्या कार्यकर्त्यांचं जेवण कशेडी घाटातल्या धाब्यावर झालं. निवडून आला तो समोरच्या पक्षाचा, आणि अंगावरचा गुलाल धुवायच्या आत तो पहिल्या पक्षात गेला. सर म्हणाले, "बाई, उवेला हे जमलं नसतं." सरकारी भरपाई रेंगाळत का होईना आली. पण राखणदाराच्या कोंबड्याची भरपाई कशी करायची ते कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या शिमग्याला टेपवाडीने भागाबाईला पालखीपुढे येऊ दिलं नाही. तिने फोन केला म्हणून हे झालं, असं वाडीचं म्हणणं.

रोग खाली उतरला नाही. जे झालं नाही त्याबद्दल कोण कुणाचे आभार मानणार? सरांचा फोन मात्र थंडावला. चेष्टेचेही फोन बंद झाले, कारण उवा सरांना सांगितलं की कोंबड्या जातात, हे आता अख्ख्या तालुक्याला माहीत झालं होतं. सर सकाळी तळ्याला फेरी मारत, झाडांकडे बघत आणि गप्प परत येत. गप्प दाभेकर सर बघणं मला जड जायचं. एकदा म्हणाले, "पाटी पुसून टाकू का?" वहिनी आतून म्हणाल्या, "राहू दे, तिच्यामागे भिंतीची ओल दिसत नाही."

मी निवृत्त झाले आणि लेकीकडे पुण्याला राहायला जायचं ठरलं. निघायच्या आधी सरांचा निरोप घ्यायला गेले. पुन्हा कुठल्याशा निवडणुका आल्या होत्या, रस्ताभर झेंडे होते. सर झोपाळ्यावर होते, बरेच वाळले होते. माझे हात धुऊन झाले, चहा झाला, आणि फाटकाशी मिनीडोर थांबली. आतून भागाबाई उतरली. पाटीजवळ क्षणभर थांबून तिने फोटोतला पिवळा रंग ओळखला आणि आत आली. पायरीवर उभी राहिली.

"सर, आमच्या आंब्याखाली पाखरू पडलंय. हात नाय लावला. टोपली घातलीय."

सर उठून उभे राहिले. "कोंबड्या घेतल्यास परत?"

"घेतल्या. तलंगा हायत, अजून अंड्यावर नाय आल्या. कोंडून आलेय."

"आणि वाडी?"

"वाडीला सांगूनच आलेय. कुणी अडवलं नाय."

सरांनी तिच्याकडे बघितलं. "भागाबाई, परत नेतील, रोग निघाला तर."

"माहीत हाय," ती म्हणाली. मग जरा रागानेच म्हणाली, "पण मेलं ते सांगायला नको?"

सरांचंच वाक्य तिच्या तोंडून आलं होतं. मला तरी तो त्यांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा सत्कार वाटला, आणि तो शाल-नारळाशिवाय, बसायला न सांगता झाला. ते चपला शोधायला लागले. दाढीचा ब्रश, मोजे आणि लग्नाची पाकिटं पिशवीत कोंबली. जाताना मोबाइल माझ्या हातात दिला. "वाडीत रेंज नसते. कुणाचा आला तर घ्या. ही घेत नाही."

"नाहीच घेत," वहिनी म्हणाल्या.

मिनीडोर वळेपर्यंत मी फाटकाशी उभी होते. सर चालकाच्या शेजारी बसले होते आणि मागे वळून भागाबाईला काहीतरी सांगत होते, दोन्ही हात हलवत, बहुधा कावळ्याच्या उवेबद्दल. ती मान डोलावत होती. तेच मी पाहिलेले शेवटचे दाभेकर सर.

मी पाटीकडे बघितलं. य अजून राहिलेलाच होता. तेवढ्यात हातातला फोन वाजला.

"उवा सर काय?" कुणी तरुण कार्यकर्ता होता, मागे चारपाच जण हसत होते. "पाटी बघितली. आमचा पक्ष जरा आजारी हाय. काय करायचं?"

"हात लावू नका," मी म्हटलं. "वर टोपली उपडी घाला. सर पाखरू बघायला गेलेत, आले की सांगते."